माटोळीची चौकट आपली, फळं मुलांची

बालवर्गात किंवा पहिलीत मूल असलेल्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकत्र धरून त्याला 'पायाभूत स्तर' असं नाव दिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही आला. त्यात बोलणं, ऐकणं, खेळ, चित्रं आणि गोष्टी यांना मोठी जागा आहे. मग पालकसभेत बाई सांगतात, "घरी मुलांबरोबर गोष्टी तयार करा, लिहून काढा." सगळे माना डोलावतात आणि घरी येऊन विचारात पडतात. गोष्ट सांगायची कशी हे ठाऊक असतं, पुस्तकातली वाचून दाखवणंही जमतं. पण चार वर्षांच्या पोराबरोबर गोष्ट तयार करायची म्हणजे काय? ज्याला अजून 'क' धड काढता येत नाही, त्याने ती लिहायची कशी?

हे काम अवघड नाही. मात्र आपण मोठी माणसं त्यात उलट्या बाजूने शिरतो, म्हणून ते फसतं.

जीभ पळते, हात थकतो

लिहिणं हे एकच काम वाटतं, पण त्यात तीन कामं असतात. काय सांगायचं ते सुचणं, ते शब्दांत बसवणं आणि ते शब्द अक्षरांनी कागदावर उतरवणं. पाच वर्षांच्या मुलाची पहिली दोन कामं जोरात चाललेली असतात. अंगणातल्या कोंबडीवर ते अर्धा तास बोलू शकतं. तिसरं काम मात्र त्याला फार जड जातं. पेन्सिल धरायची, वळण आठवायचं, काना विसरायचा नाही, रेघेवर राहायचं. चार अक्षरांत हात दुखायला लागतो.

ही तिन्ही कामं एकदम करायला सांगितली की मूल गोष्टच छोटी करून टाकतं. हाताला जेवढं पेलतं तेवढंच डोक्यातून बाहेर काढतं. म्हणून वहीत सापडतं, 'हा मोर आहे. मोर छान आहे. मला मोर आवडतो.' तेच मूल संध्याकाळी आजीला सांगत असतं की मोराने आपलं एक पीस पदेराला, म्हणजे पाववाल्याला, दिलं आणि पदेराने ते सायकलच्या भोंप्यात खोचलं.

यावरचा उपाय साधा आहे. मुलाला आपला हात उसना द्यायचा. मूल सांगेल, आपण लिहू. सांगण्यातला वाटा पूर्ण मुलाचा आणि लिहिण्यातला सुरुवातीला आपला. पुढे तो हळूहळू त्याच्याकडे सरकतो.

मग आपण नेमकं काय करायचं?

गोव्यातली चवथीची माटोळी आठवा. गणपतीच्या डोक्यावर आधी लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात. ती मोठी माणसंच बांधतात, कारण ती भक्कम लागते. मग तिला नारळ, सुपारीचं शिपटं, चिबूड, आंबाडे, तोरिंगण, निरफणस, रानातून आणलेली कांगलां असं काय काय बांधलं जातं. पूजेला येणारा माणूस फळं बघतो, चौकटीकडे कुणी पाहत नाही. पण ती नसती तर सगळं जमिनीवर पडलं असतं.

गोष्ट रचतानाही आपलं काम चौकटीचं असतं. शिक्षणशास्त्रात याला 'आधाररचना' म्हणतात. मूल जे एकट्याने करू शकत नाही पण थोड्या मदतीने करू शकतं, तेवढ्यापुरती दिलेली आणि नंतर काढून घेतलेली मदत, असा त्याचा अर्थ. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या अभ्यासकांनी १९७६ साली ही कल्पना मांडली. त्यातला 'काढून घेतलेली' हा भाग फार महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो.

फसतं ते इथे. पालक चौकटही बांधतात आणि फळंही स्वतःच टांगतात. "एक ससा होता, हो ना? आणि तो कसा होता? आळशी होता ना?" यात मुलाला फक्त हो म्हणायचं उरतं.

गोष्टीचा सांगाडा

चौकटीच्या पट्ट्या सहा आहेत. कोण? कुठे? त्याला काय हवंय? आड काय आलं? मग त्याने काय केलं? शेवटी काय झालं?

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेण वाहून जातं. कावळ्याला निवारा हवा आणि दार बंद. तो दार ठोठावतो, चिऊताई म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते. पुन्हा ठोठावतो, थांब, बाळाला तीट लावते. सहाही पट्ट्या इथे आहेत, आणि शिवाय मुलांना अतिशय प्रिय असलेली गोष्ट आहे, ती म्हणजे पुनरावृत्ती. तेच वाक्य परत आलं की मुलाला पुढे काय येणार ते आधीच कळतं आणि ते पुढे होऊन बोलतं. म्हणून पहिल्या दोन-तीन गोष्टी ओळखीच्या सांगाड्यावरच रचाव्यात. घर शेणामेणाऐवजी कशाचं? दार कोण ठोठावतंय? आत चिमणीच्या जागी खेकडा असेल तर तो काय कारण देईल? एवढा बदल केला की नवी गोष्ट उभी राहते.

ही उसनवारी कमीपणाची नाही. लोककथा अशाच चालतात. गोव्यातल्या सात बहिणींची कथाच बघा. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण या त्यातल्याच बहिणी मानल्या जातात, आणि गावागावात तपशील बदलतो.

सगळे सहा प्रश्न एका बैठकीत विचारू नका. ती चौकशी होते. चार वर्षांच्या मुलाला 'कोण?', 'मग?' आणि 'शेवटी?' एवढे तीन पुरतात. 'काय हवंय?' आणि 'आड काय आलं?' हे साधारण पाच-सहाव्या वर्षापासून रंगायला लागतात.

सुरुवात: पिशवीतल्या दोन वस्तू

"चल, एक गोष्ट सांग" म्हटलं की मूल गप्प होतं. मोकळं मैदान कुणालाही बिचकवतं. त्यापेक्षा कापडी पिशवीत घरातल्या दहा-बारा लहान वस्तू टाका: शिंपला, जुनी चावी, चमचा, काजूची बी, बसचं तिकीट, बटण, करवंटी. डोळे मिटून मुलाने त्यातल्या दोन काढायच्या. एका वस्तूने गोष्ट सुरू होत नाही, नुसतं वर्णन होतं. दोन वस्तू, त्याही एकमेकींशी संबंध नसलेल्या, समोर आल्या की डोकं आपोआप त्यांच्यात धागा शोधू लागतं. तीन काढल्या तर लहान मुलाचा गोंधळ उडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाड्यांत पानं, बिया, दगड, शिंपले हेच शिकण्याचं सामान होतं. विकतचं काही लागत नाही.

समजा, करवंटी आणि चावी निघाली. पाच वर्षांच्या मुलाबरोबरचं बोलणं साधारण असं होईल:

"यातलं कोण बोलतं?" "करवंटी."
"कुठे आहे ती?" "फेरीबोटीकडे. जुन्या गोव्याच्या."
"तिला काय हवंय?" "दिवाडीला जायचंय. आजीकडे."
"मग जाईना?" "बोटीचा काका घेत नाही. तिला पाय नाहीत म्हणून."
"अरे बापरे. मग?" बराच वेळ शांतता. "चावीने तिने नदी बंद केली."

इथे गोष्टीचं भवितव्य ठरतं. "नदी कधी बंद होते का रे?" म्हटलंत की संपलं. त्याऐवजी विचारा, "कशी केली?" खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावरची मानस (पाणी अडवायचं दार) पाहिलेलं मूल लगेच सांगेल की नदीला दार असतं. भरतीला मानशीची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मुलाच्या अशक्य वाटणाऱ्या कल्पनेच्या मुळाशी पुष्कळदा असं खरं निरीक्षण असतं. आपल्याला ते माहीत नसतं इतकंच.

पुढचा प्रश्न: "नदी थांबली तेव्हा कुणाची पंचाईत झाली?" "मासे ओरडले." मग करवंटीने घाईघाईने घरंगळत पलीकडे जाऊन कुलूप उघडलं. झाली गोष्ट. वेळ सात-आठ मिनिटं. चार-पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांवर ताणू नये. सहा-सात वर्षांचं मूल पंधरा-वीस मिनिटं टिकतं.

या सगळ्यात सर्वांत कठीण आहे ती मधली शांतता सहन करणं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तीन-चारच्या आत आपण उत्तर देऊन टाकतो, आणि मूल शिकतं की थांबलं की मोठी माणसं बोलतात.

लिहून घेताना

मूल सांगेल तसंच लिहा. सुधारून नाही. 'करवंटी गेली गेली गेली' असेल तर तीनदा 'गेली' लिहायचं. लिहून झाल्यावर वाचून दाखवताना एक जरी शब्द बदललेला आढळला तरी मुलाच्या लक्षात येतं, आणि हे आपलं नाही असं त्याला वाटतं.

मूल बोलतं त्या वेगाने आपल्याला लिहिता येत नाही. यावर युक्ती अशी की लिहिता लिहिता प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारायचा. "कर-वं-टी... फेरी-बोटी-कडे..." मूल आपोआप सावकाश होतं आणि बोललेला आवाज कागदावर खुणांमध्ये उतरताना बघतं. देवनागरीचा इथे मोठा फायदा आहे. आधी शब्दाची अक्षरं काढा, मग त्यावर शिरोरेषा ओढा आणि ओढताना म्हणा, "हा एक शब्द झाला." आपण बोलताना शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, कुठला कुठे संपतो ते कानाला कळत नाही. शिरोरेषेच्या छपराखाली ते वेगळे झालेले दिसतात.

नंतर बोट फिरवत गोष्ट परत वाचा. दुसऱ्या वाचनात ओळखीच्या शब्दावर थांबा, तो मुलाला म्हणू द्या. आपलं नाव, आणि गोष्टीत परत परत येणारा शब्द, हे मुलं सर्वांत आधी ओळखायला लागतात.

फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून रात्री लिहून काढणंही चालतं. मूल गाडीत किंवा आंघोळ करताना गोष्ट सांगत असेल तेव्हा दुसरा मार्गच नसतो. पण आठवड्यातून एकदा तरी त्याच्यासमोर लिहा.

कोंकणीत सांगितलं तर?

गोव्यात हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो. शाळा मराठी, घरात आणि शेजारी कोंकणी. मूल म्हणतं, "मागीर तो दर्यार गेलो. ताका भूक लागली." हे मराठीत बदलून लिहायचं का?

पहिल्या कागदावर नाही. आहे तसं, कोंकणीत लिहायचं. लिपी तीच आहे, काही अडत नाही. गोष्ट सुचण्याची भाषा आणि शाळेत लिहिण्याची भाषा वेगळी असली तर सुचण्याच्या भाषेला आधी वाट द्यावी. २०२० चं धोरणसुद्धा शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिकण्याचं माध्यम असावं असंच म्हणतं. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट हातात घेऊन विचारायचं, "शाळेतल्या बाईंना सांगायची तर कशी सांगशील?" मग दुसऱ्या कागदावर येतं, "मग तो समुद्रावर गेला. त्याला भूक लागली." दोन कागद शेजारी ठेवले की मूल स्वतःच बोट ठेवून दाखवतं: इथे 'दर्या', तिथे 'समुद्र', इथे 'गेलो', तिथे 'गेला', आणि 'भूक लागली' दोन्हीकडे सारखंच.

काही गोष्टी चुका वाटतात, पण त्या कोंकणीच्या नियमातून आलेल्या असतात. कोंकणीत लहान मुलीबद्दल नपुंसकलिंगात बोलतात, 'तें आयलें'. म्हणून गोव्यातलं मूल मराठी बोलताना 'ताई आलं' म्हणतं. त्याचं व्याकरण कच्चं नसतं. ते एका भाषेचं पक्कं व्याकरण दुसरीकडे घेऊन आलेलं असतं. हे ओळखलं तर रागावण्याऐवजी दोन्ही रूपं समोर मांडता येतात.

"आणि मग, आणि मग...": कुठे काय अडतं

साधारण चार वर्षांचं मूल एका प्रसंगावरून दुसऱ्यावर उडी मारतं. मधले दुवे त्याच्या डोक्यात असतात, तोंडावर येत नाहीत. पाचव्या वर्षी क्रम लागतो, पण गोष्ट ऐन रंगात आल्यावर अचानक थांबते. सहाच्या आसपास अडचण येते, सुटते आणि शेवट होतो. हे टप्पे माहीत असले तर पाच वर्षांच्या मुलाकडून शेवट ओढून काढायचा हट्ट आपण धरत नाही.

गोष्ट संपतच नसेल तर कागदच मोजून द्या. "आज चार पानं आहेत, एका पानावर एक वाक्य." तिसऱ्या पानाला सांगा, आता एकच उरलं. मूल बरोबर शेवटाकडे वळतं.

कार्टूनमधला नायक रोज येत असेल तर त्याला हाकलू नका, त्याला गावात आणा. तो चिखलकाल्यात, चिखलात खेळायच्या उत्सवात, घसरला तर? म्हापशाच्या बाजारात त्याच्याकडे सुटे पैसे नसले तर? ओळखीच्या जागेत आणलं की उसनं पात्र आपोआप मुलाचं होतं.

सगळे मरतात, सगळ्यांना वाघ खातो, अशा गोष्टी पुष्कळ मुलं सांगतात. बहुतेकदा ती ताकद तपासून बघत असतात. लिहून घ्या, आणि वाघाला नंतर काय वाटलं ते विचारा. तोच तोच खराखुरा भीतिदायक प्रसंग परत परत येत असेल आणि मूल सांगताना बेचैन होत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच्याशी निवांत बोलायला हवं. देवचाराच्या, म्हणजे गावाच्या अदृश्य राखणदाराच्या, गोष्टी झोपायच्या वेळी नकोत. अनेक घरांत राखणदाराला मान असतो, त्यामुळे थट्टाही नको. दिवसा, उजेडात, "रात्रभर फिरून राखणदाराचे पाय दुखत असतील का?" असा प्रश्न भीती बरीच सैल करतो.

दोन भावंडं असतील तर एकाने 'कोण-कुठे' ठरवायचं, दुसऱ्याने 'आड काय आलं' ते. वाक्यागणिक पाळी लावली तर एकजण दुसऱ्याचं पात्र मारून टाकतो आणि भांडण होतं.

आणि एक मनापासूनची विनंती. शेवटी 'तात्पर्य' जोडू नका. करवंटीने नदी बंद केली यातून काय शिकलो, असं विचारलं की पुढच्या खेपेला मूल आपल्याला आवडेल अशी गोष्ट सांगतं. ती गुळगुळीत असते.

हे सगळं खोटं बोलायला शिकवणं नाही का?

आजी-आजोबांची ही शंका रास्त आहे. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला खेळातलं आणि खऱ्यातलं बऱ्यापैकी वेगळं करता येतं. भातुकलीतला भात ते खरंच खात नाही. शिवाय आपल्याकडे यासाठी जुनी, सुंदर सोय आहे. 'आटपाट नगर होतं' म्हटलं की गोष्टीचं दार उघडतं आणि 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हटलं की बंद होतं. प्रत्येक गोष्टीला ही दोन दारं लावा. दारांच्या आत काहीही चालेल. दाराबाहेर दूध कुणी सांडलं याचं उत्तर खरंच द्यायचं.

शुद्धलेखन बिघडणार नाही?

मूल स्वतः लिहायला लागलं की 'मजर' लिहील, 'पुसतक' लिहील. यात निष्काळजीपणा नसतो. अनुस्वार कानाला पुसट लागतो म्हणून गळतो, काना लिहायचा राहून जातो. जोडाक्षर त्याला दोन सुटे आवाज वाटतात. पहिली वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी, त्यामुळे 'दिवा'चा 'दीवा' होणं अगदी स्वाभाविक आहे. ऐकून लिहिण्याचा प्रयत्न चालू असल्याची ही खूण आहे.

मुलाच्या कागदावर लाल पेन चालवू नका. त्याच्या ओळीखाली, वेगळ्या पट्टीवर, तेच वाक्य आपण बरोबर लिहायचं आणि दोन्ही वाचायचं. एका गोष्टीत एकच बाब दाखवायची: या आठवड्यात अनुस्वार, पुढच्या आठवड्यात काना.

मोबाइल क्षणात गोष्ट लिहून देतो, मग हे कशाला?

देतो, आणि ती वाचायला हरकत नाही. पण तिथे चौकटही यंत्राची आणि फळंही यंत्राचीच. 'चावीने नदी बंद केली' हे सुचायला मुलाला जी शांतता लागली, ती तिथे मिळत नाही, आणि या खटाटोपात त्याच्या कामाची वस्तू तीच आहे.

पुस्तक शिवायचं कसं

गोष्ट सुट्या कागदावर राहिली तर हरवते. ए-फोर आकाराचे तीन कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, बारा पानं होतात. एक नावाचं, आठ गोष्टीची, एक तारीख आणि कुणी सांगितली, कुणी लिहिली याचं. पानाचा वरचा दोन तृतीयांश भाग चित्राला ठेवा. पाचाखालच्या मुलाला आधी चित्र काढू द्या. चित्र हाच त्याचा आराखडा असतो, त्याकडे बघत ते सांगतं.

स्टेपलर टाळा. गोव्याच्या पावसाळ्यात पिना गंजतात आणि पानांवर तांबडे डाग पडतात. त्यापेक्षा दोऱ्याने शिवा. घडीवर तीन भोकं पाडा, एक मध्ये, दोन टोकांपासून चार-चार सेंटिमीटरवर. साधारण ५५ सेंटिमीटर जाड दोरा पुरतो. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्यातून आत घ्या, आतल्या बाजूने थेट खालच्यातून बाहेर न्या आणि परत मधल्यातून आत आणा. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. भोकं मोठ्यांनी पाडावीत, दोरा मूल ओढू शकतं. जून ते सप्टेंबर कागद दमट असतो, त्यावर स्केचपेन फुटतं. मेणाचे खडू आणि पेन्सिल वापरा.

पेन मुलाकडे सोपवायचं तेही पानापानाने. आधी मुखपृष्ठावर त्याचं नाव, मग परत परत येणारा एक शब्द, मग शेवटचं वाक्य. बारातली दोन पानं उरली, ती शेवटी कोरीच राहू द्या. आठवडाभराने करवंटी दिवाडीहून परत यायला निघते.